सूचक कोण, अनुमोदक कोण?

पेठ वडगाव आणि आसपासच्या गावांतली तरुण मंडळं, वाचनालयं, दूध संस्था, बचत गट यांच्या कारभाऱ्यांची शिबिरं घेणं हे माझं काम. शिबिराच्या सुरुवातीलाच कुणीतरी सांगून टाकतं, ‘सर, आमच्यात जात-बित काय न्हाई.’ मी वाद घालत नाही. इतिवृत्ताची वही मागून घेतो.

प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं असतात. पाच-सहा वर्षांची पानं उलटली की तीच चार आडनावं आलटून पालटून भेटतात. दलित वस्तीतली नावं असतात, पण उपस्थितांच्या सह्यांत. मग पावती पुस्तक बघायचं. वर्गणी वस्तीतूनही आलेली असते. बँकेच्या खात्यावर सह्या मात्र कुणाच्या? महाप्रसादाला मांडव घालायला, भांडी घासायला कोण आणि पंगतीत वाढायला कोण? वाढप्यांची यादी काढली की खोलीत एकदम शांतता होते. भिंतीवर फुले-शाहू-आंबेडकर तिघंही असतात, ताज्या हारांसकट.

यातलं सगळंच कुणी ठरवून करतं असं नाही. बैठक ठरते पारावर, निरोप जातो तोंडी, आणि पाराकडे ज्यांचं उठणं-बसणं नाही त्यांना ती झाल्यावर कळते. वर ‘बोलवलं होतं, आले नाहीत’ हे आहेच.

कायद्याने काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. सहकार कायद्यातल्या राखीव जागांमुळे अनुसूचित जाती-जमातींचा प्रतिनिधी संचालक मंडळावर येतो. पण पाच वर्षं त्याची ओळख ‘राखीवचा’ अशीच राहते. खुर्ची मिळते, विषयपत्रिका दुसरीकडेच ठरते.

आपल्याकडे याचा धडा परक्या पुस्तकातून घ्यायची गरज नाही. वडगावच्याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. तिथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. पुढाकार घेणाऱ्यांत गावचे आप्पासाहेब पाटील होते. छत्रपती शाहू महाराज स्वतः आले, पण अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, तेव्हा अवघे २८ वर्षांचे. ‘तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढला’ अशा आशयाचं महाराजांचं भाषण सगळ्यांना पाठ असतं. मला त्याहून मोठी वाटते ती बसण्याची व्यवस्था. राजा पाहुणा आणि ज्यांचा प्रश्न त्यांच्यातला माणूस अध्यक्षस्थानी. आज एखाद्या दूध संस्थेच्या सभेत एवढं जमवून दाखवा!

पैशाचंही तसंच. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना कोल्हापुरात चहाचं दुकान काढून दिलं. तरी गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. नुसती मदत झाली असती तर दुकान महिन्याभरात बसलं असतं. मालकी दिली आणि गिऱ्हाईकही आणलं, म्हणून ते चाललं. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवणाऱ्याला हे न उमगतं तरच नवल.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केली. दूरच्या माणसाचं दुखणं त्यांना ओळखीचं वाटलं. आम्हाला अमेरिकेतला वर्णभेद लगेच दिसतो, पलीकडच्या गल्लीतला पाण्यावरचा भेद दिसत नाही.

शिबिरानंतर लोक विचारतात, वैयक्तिक पातळीवर काय करायचं? वाचा, ऐका हे आहेच. पण आधी संस्थेत हात घाला. खात्यावरची एक सही वस्तीकडे द्या. पुढची बैठक वस्तीतल्या समाजमंदिरात घ्या आणि विषय तिथल्या लोकांना ठरवू द्या. पंगतीत वाढपी बदला. कुरकुर होईल, एखादा देणगीदार रुसेल, रुसू द्या. बहुतेक संस्थांच्या वार्षिक सभा दिवाळीआधी उरकलेल्या असतात, वह्या कपाटात हाताशी असतात. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळाची वही काढा आणि गेल्या पाच वर्षांतले सूचक-अनुमोदक एका कागदावर उतरवून काढा.