आधी इंजिन हाताने फिरू दे

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी दाखवायला कुणी नेलं, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मिस्त्री, बॅटरी लावून बघूया का?" मी नाही म्हणतो. मग जरा हिरमोड होतो. वडिलांनी किंवा आजोबांनी चालवलेली गाडी असते, तिचा आवाज कधी एकदा ऐकतो असं घरातल्या सगळ्यांना झालेलं असतं. ती ओढ मला कळते. पण इतकी वर्षं उभं राहून इंजिनाचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं घाईने सेल्फ मारलेल्या पहिल्या पाच मिनिटांत होतं. अशी इंजिनं उघडून मी ते पाहिलं आहे.

पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यातल्या एका वाड्यात उभी होती ती डॉज डब्ल्यूसी-51. दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून 1945 पर्यंत, अमेरिकन सैन्यासाठी बनलेली ही पाऊण टनी गाडी. नाव वेपन्स कॅरियर, पण शस्त्रं, माणसं, पत्र्याची पिंपं असं सगळंच तिने वाहिलं. चारही चाकांना ओढ, सहा सिलिंडरचं 230 घनइंचांचं पेट्रोल इंजिन, 92 अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी 54 मैल. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जो रस्ता काढला, त्यावरून 1945 च्या सुरुवातीला पहिला ताफा कुनमिंगला पोचला. चीन-ब्रह्मदेशाच्या त्या आघाडीसाठी अमेरिकेने बोटी भरभरून गाड्या भारतात उतरवल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द आमच्या जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी त्या काळापासूनचा. शेतकऱ्यांनी, जंगलाच्या ठेकेदारांनी त्या घेतल्या आणि चालवल्या. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं. म्हणून अशी गाडी समोर आली, की मूळ इंजिन आहे का हे बघायला माझा हात आधी बॉनेटवर जातो. इथे ते होतं.

वाड्यातल्या आजी म्हणाल्या, "ह्यांनी लई ऊस वढलाय बघा हिच्यातनं." त्यांच्या मालकांच्या मागे गाडीला कुणी हात लावला नव्हता.

हे इंजिन साइड व्हॉल्व्हचं. म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, पिस्टनच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात. इंजिन कुठेही थांबलं तरी सहांपैकी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार महिने दमट हवा सायलेन्सरमधून, कार्बोरेटरमधून आत येते आणि त्या उघड्या सिलिंडरमध्ये बसते. त्यामुळे हेड उतरवल्यावर शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं नशीब वेगळं दिसतं. एकाच्या भिंती आरशासारख्या, दुसऱ्याची रिंग लोखंडाला धरलेली. अशा वेळी सेल्फ मारला, तर धरलेली रिंग तुटून भिंतीवर चर पाडते. बंद स्थितीत अडकलेला व्हॉल्व्ह खालून कॅम ढकलू लागतो आणि टॅपेट जायबंदी होतो. या रचनेत एक दया मात्र आहे : उघडा अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत नाही, कारण तो पिस्टनच्या वाटेतच नसतो.

म्हणून हेड उतरवलं. बोल्ट गंजलेले असले की जोर लावायचा नाही. तापवायचं, तेल सोडायचं, गार होऊ द्यायचं, परत तापवायचं. खालच्या ऑइल चेंबरचा नट ढिला केला तर आधी पाणी आलं, मग काळं ऑइल. बाजूची झाकणं काढून व्हॉल्व्हच्या दांड्यांवर डिझेल आणि ऑइलचं मिश्रण रोज थोडं थोडं सोडत गेलो. पितळी दांडीने हलकेच टिचक्या मारायच्या, व्हॉल्व्ह केसभर खाली गेला की टॅपेटकडून वर उचलायचा. सिलिंडरमध्येही तेच मिश्रण. मग पुढचं हँडल लावून अगदी थोडं पुढे, थोडं मागे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वरून वेढायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा मोडतो. हे मी हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी शिकवतो.

इंजिन हाताने फिरू लागलं, की मला जे सांगायचं असतं ते ऐकणारा माणूस मिळतो. तोवर सगळे बॅटरीकडेच बघत असतात.

आता ज्या भागासाठी मी कुणाशीही भांडेन, तो सांगतो. क्रायस्लर घराण्याच्या या इंजिनात वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या पोटात, पुढून मागपर्यंत जाणारी पत्र्याची चपटी नळी असते. तिला भोकं असतात. पंपाने ढकललेलं गार पाणी त्या भोकांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी जातं, अगदी शेवटच्या सिलिंडरपर्यंत. बाहेरून ही नळी दिसत नाही. रेडिएटर आणि पंप उतरवल्याशिवाय हाताला लागत नाही. म्हणून तिला कुणी विचारत नाही. पाणी वर्षानुवर्षं तसंच राहिलं की ती कुजते. मग इंजिन चालू होतं, छान वाजतं, पण पुढचे सिलिंडर सगळं पाणी घेतात आणि मागचे व्हॉल्व्ह जळतात. लोक रेडिएटर बदलतात, पंप बदलतात, आणि शेवटी इंजिनालाच दोष देतात.

आम्ही आकडा घालून ती ओढली तर पापुद्रे हातात आले. ब्लॉकच्या पोटातला गाळ तारेने आणि पाण्याच्या फवाऱ्याने काढण्यातच बराच वेळ गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं काम करणारा एक जुना कारागीर आहे. उरलेले तुकडे कागदावर मांडून त्याने मापं काढली आणि पितळी पत्र्याची नवी नळी वळली. भोकं कुठल्या बाजूला येणार, हे त्याने मला परत परत विचारून घेतलं. असा माणूस शहरात आहे म्हणून मी ही कामं घेतो. बसवताना नळी सरळ आत गेली, तेव्हा मला जो आनंद झाला तो इंजिन सुरू होताना झालेल्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

बाकी सामानाची फार चणचण पडली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या परवान्यावर गाड्या बांधल्या, त्या डॉज-प्लिमथ मोटारींत याच घराण्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. त्यामुळे पॉइंट, रिंगा, पॅकिंग मुंबईच्या जुन्या बाजारात शोधलं तर मिळतं. पॉइंटमधली फट वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, फायरिंगचा क्रम 1-5-3-6-2-4.

पेट्रोलचं मात्र नवं दुखणं आहे. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या पंपाचा रबरी पडदा त्याने फुगतो आणि फाटतो, टाकीतलं पाणीही ते ओढून घेतं. ज्या उसाची मोळी या गाडीने वाहिली, त्याच उसाचं इथेनॉल आता तिच्या टाकीत येणार. म्हणून पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच बसवल्या.

चाकांबद्दल सावध करून ठेवतो. या गाडीची रिम दोन भागांची, बोल्टांनी जोडलेली असते. हवा भरलेली असताना ते बोल्ट सोडले तर रिमचा भाग तोफेच्या गोळ्यासारखा येतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढायची, सगळी हवा जाऊ द्यायची, मगच पाना लावायचा. आणि डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात.

सुरू करायच्या दिवशी प्लग काढून ठेवले आणि मीटरवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं. बॅटरी 6 व्होल्टचीच. जोर यावा म्हणून 12 व्होल्टची लावतात, ते मला अजिबात पटत नाही, सेल्फचे दात फ्लायव्हीलवर आपटतात. टाकीला हात न लावता उंचावर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल दिलं. इंजिनाने एकदा खोकून धरलं. आजी ओट्यावरून उठून आल्या, पण बोलल्या काही नाहीत. मी मात्र मागच्या सिलिंडरजवळ हात धरून बसलो होतो. ब्लॉक पुढून मागपर्यंत सारखाच तापत गेला.

घरच्यांना आता तिला चकचकीत रंग द्यायचा आहे. माझा विरोध आहे. डॅशबोर्डवरच्या पितळी पाट्या, आतल्या कोपऱ्यांतला मूळचा हिरवा रंग, ऊस घासून झिजलेली मागची फळी, हे एकदा खरवडलं की परत येत नाही. गंज थांबवावा, तेल लावावं, आणि गाडी पंधरवड्याला तासभर तरी पूर्ण तापेपर्यंत चालवावी. नुसती पाच मिनिटं सुरू करून बंद केली, तर ऑइलमध्ये पाणी साठतं आणि आपण परत पहिल्या पायरीवर.

ब्रेकचे सिलिंडर नवे बसवल्यावरच तिला वाड्याबाहेर काढली. आजींच्या नातवाला सध्या डबल क्लच शिकवतो आहे. वर जाताना गिअर जमतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना अजून दात वाजतात, कारण मधे ॲक्सिलरेटर द्यायला तो घाबरतो.