प्रॉम्प्टातलं शेळगाव

काळ्या पडद्यावर आपण काही टाइप करायच्या आधी जे चिन्ह वाट बघत उभं असतं, तो प्रॉम्प्ट. मूळचा भलताच अबोल गडी! १९७९ च्या बोर्न शेलमध्ये नुसतं $, सी शेलमध्ये %, रूट असाल तर #. बास.

मला मात्र त्याच्याकडून एकच गोष्ट हवी असते : मी आत्ता आहे कुठे? पुण्यात बसून मी एसएसएचने शेळगावच्या घरातल्या जुन्या संगणकावर जातो. (आमचं शेळगाव इंदापूर तालुक्यातलं. तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीला जाते, त्या वाटेवरचं.) त्या संगणकावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, तिच्याच आवाजात. आजी आता नाही. इकडची आणि तिकडची खिडकी दिसायला अगदी जुळी, आणि पुसायची आज्ञा दिली की शेल निमूट पुसतो, कचरापेटीबिटी काही नाही. म्हणून शेळगावचा प्रॉम्प्ट लाल, पुण्याचा हिरवा.

आता गंमत अशी, की प्रत्येक शेलची बोली वेगळी. बॅशमध्ये पीएस१ या चलात उलटी तिरकी रेघ देऊन यू लिहिलं की वापरणाऱ्याचं नाव, एच म्हणजे मशीनचं, डब्ल्यू म्हणजे फोल्डर. झेडएसएचमध्ये त्यासाठी टक्क्याचं चिन्ह. फिशमध्ये तर चक्क फंक्शन लिहायचं. २०१९ मध्ये मॅकने बॅशऐवजी झेडएसएच पुढे केला, तेव्हापासून बॅशची जुनी ओळ तिथे तशीच चिकटवली की रेघा जशाच्या तशा पडद्यावर! रंगाचे संकेतही बॅशमध्ये खास कंसात गुंडाळावे लागतात, नाहीतर शेल त्यांना दिसणारी अक्षरं समजून मोजतो आणि लांब आज्ञा स्वतःच्याच अंगावर चढते.

मशीनच्या नावात देवनागरी चालत नाही, म्हणून प्रॉम्प्टात वेगळं ‘शेळगाव’ लिहून पाहिलं. टर्मिनल म्हणजे एकसारख्या खणांची चौकट. ‘गा’चा काना वेगळा खण मोजायचा की नाही, यावर शेल आणि टर्मिनल यांचं एकमत नसलं की कर्सर भलतीकडेच. शेवटी गावाचं नाव रोमन लिपीत ठेवलं. वाईट वाटलं, पण तिथे दिखाव्यापेक्षा कर्सर जागेवर असणं महत्त्वाचं.

असो. गावाकडे नवा माणूस दिसला की आधी विचारतात, “कुठलं पाव्हणं?” माझा प्रॉम्प्ट न विचारताच सांगतो. तुमचा काय सांगतो? जरूर कळवा.