नऊ नावांचा सातबारा

२०११ साली मी सिन्नरजवळ दोन गुंठे जागा घेतली, तीन लाखांना. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट धरले तर घर बसेल, पुढे अंगण राहील, मागे एक शेवगा लावता येईल, असा हिशेब मी वहीत मांडला होता. मी शाळेत शिक्षक. गावाकडची थोडी शेती माझ्या नावावर असल्यामुळे शेतजमीन घ्यायला मला आडकाठी नव्हती.

जागा दाखवणारा एजंट ओळखीतला होता. एकूण वीस गुंठे, घेणारे नऊ. प्रत्येकाला दोन गुंठे आणि उरलेले दोन रस्त्याला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, ठरवून दिलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा वेगळा करून तेव्हा विकता येत नसे. म्हणून आम्हा नऊ जणांच्या नावे वीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत झालं. कोणाची जागा कुठली, ते चुन्याच्या रेघांवर ठरलं आणि एका साध्या कागदावर हातानं काढून घेतलं. मंजूर लेआउट नव्हता, बिगरशेती (एनए) आदेश नव्हता. सातबाऱ्यावर नऊ नावं आणि क्षेत्र सामायिक. ‘दोन वर्षांत एनए होतंय, सर,’ एजंट म्हणाला. कोण करणार, कुठे अर्ज दिलाय, हे मी विचारलं नाही.

२०१४ मध्ये घरासाठी कर्ज काढायला बँकेत गेलो. साहेबांनी सातबारा पाहिला, एनए आदेश आणि मंजूर नकाशा मागितला आणि फाइल परत दिली. त्या दिवशी मला सगळं कळलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते अजाणता केलं नाही.

पाच वर्षांत सिन्नर पालटलं. मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आलेली माणसं भाड्याच्या खोल्या सोडून स्वतःचं काहीतरी शोधत होती. तालुक्यातून समृद्धी महामार्गाचं काम सुरू झालं होतं, आणि चहाच्या टपरीवरसुद्धा गुंठ्याच्या भावाशिवाय बोलणं होत नव्हतं. माझ्या जागेला अकरा लाखांचं गिऱ्हाईक आलं.

तो कंपनीत मशीनवर काम करणारा, येवल्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आईला घेऊन जागा बघायला आला. आईनं चप्पल काढून कडेला ठेवली आणि अनवाणीच कडेकडेनं फिरून आली. त्यानं मला विचारलं, ‘सर, इथं बांधायची परवानगी मिळेल ना?’

मी म्हणालो, ‘शेजारी बांधतायत की.’

शेजारी खरंच बांधत होते, विनापरवाना. माझं वाक्य खोटं नव्हतं, पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. पाच वर्षांपूर्वी बँकेनं परत केलेली फाइल घरातल्या कपाटात होती, ती मी त्याला दाखवली नाही. मी शिक्षक आहे म्हणून त्यानं दुसरीकडे चौकशी केली नाही, असं त्यानं पुढे सांगितलं. ते वाक्य मला सर्वांत जास्त लागलं.

दुसरी गोष्ट पैशाची. खरेदीखतात सहा लाख दाखवले, पाच लाख रोख घेतले. मागणी माझी होती, कर वाचवायचा होता. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून कायद्यानं बंदी आहे, हेही मला माहीत होतं. त्याच्या हातात त्या पाच लाखांचा एक चिटोराही राहिला नाही.

२०२३ मध्ये तो घरी आला. बँकेनं त्यालाही कर्ज नाकारलं होतं, दागिने गहाण ठेवून त्यानं पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. आता आईच्या ऑपरेशनसाठी जागा विकायची होती, पण घेणारा येई, सातबारा बघे आणि जाई. नऊपैकी दोघे वारले होते, वारसांच्या नोंदी होऊन नावं चौदा झाली होती. दोघं-तिघं बाहेरगावी. एनएच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या लागतात आणि एकाची हरकत आली तरी काम थांबतं. तो चिडला नाही. ‘सर, तुम्हाला माहीत होतं का?’ एवढंच म्हणाला. मी हो म्हणालो.

मला आधी कोणीतरी फसवलं होतं, हे कारण मी इतकी वर्षं मनाशी धरून होतो. त्याच्यासमोर ते मला उच्चारता आलं नाही.

वाढत्या गावात जागा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: विकणाऱ्याला ‘परवानगी मिळेल का’ असं विचारू नका. ‘तुम्ही यावर कर्ज मागितलं होतं का, बँक काय म्हणाली’ असं विचारा. एनए आदेश आणि मंजूर लेआउट हातात घेऊन बघा. सातबाऱ्यावर एकापेक्षा जास्त नावं असतील तर कायदेशीर वाटप झालंय का ते ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) जाऊन पाहा. आणि विकणाऱ्यांनो, तुमच्याकडची परत आलेली फाइल आधी समोर ठेवा. भाव कमी येईल, तो येऊ द्या.

तो आणि मी मिळून एनएच्या अर्जासाठी चौदापैकी अकरा सह्या जमवल्या आहेत. रोख घेतलेल्या पाच लाखांतले तीन लाख मी त्याच्या खात्यावर भरले, दोन अजून द्यायचे आहेत.