तुझी भाषा फार शुद्ध आहे

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून पाठवावी, असा निरोप आला तेव्हा पहाटेची वंदना, भोजनगृहातील रांग, पावसाळ्यातील मैदान यांविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु ते माझ्याहून चांगले लिहिणारे अनेक माजी विद्यार्थी आहेत. म्हणून शाळा सोडल्यानंतर घडलेला एक प्रसंग लिहितो. त्या प्रसंगात शाळाही होती, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

२०१६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस ‘सैराट’ प्रदर्शित झाला. आमच्या कामतघरच्या वस्तीतील मुलांनी तो तीन-तीनदा पाहिला. अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत शिकत असतानाच त्या चित्रपटासाठी निवडली गेली होती. त्याआधी, २०१४ साली, ‘फँड्री’तील जब्या आम्ही पाहिला होता, ती भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातील हलगी वाजवणारा मुलगा. ‘कोर्ट’मधील शाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार तर नागपूरचे चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक. या तिन्ही उदाहरणांवरून आम्ही काढलेला निष्कर्ष असा, की चित्रपटाचे दार आता आपल्यासाठी किलकिले झाले आहे. निष्कर्ष अगदीच चुकीचा नव्हता. पण त्या दारापुढे केवढी रांग असेल, याचा विचार कोणी केला नव्हता.

जूनमध्ये एका मित्राने मोबाईलवर जाहिरात दाखवली. ग्रामीण मराठी चित्रपट, अठरा ते बावीस वर्षांचा सावळा मुलगा हवा, अनुभवाची अट नाही, खुली निवड चाचणी, वर्सोवा. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि सावळेपणाबाबत तर कोणाचे दुमत नव्हते. आई तेव्हा एका यंत्रमाग कारखान्यात कांडी भरण्याचे काम करीत असे. पंधरवड्याच्या पगारातून तिने पाचशेची नोट काढून दिली. “शाळेतलं भाषण म्हणून दाखव बाळा,” एवढेच म्हणाली.

त्या भाषणाची हकीकत सांगितली पाहिजे. आठवीपासून दहावीपर्यंत, सलग तीन वर्षे, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात बाबासाहेबांची भूमिका माझ्याकडे होती. काचा नसलेली चष्म्याची चौकट, कोणा पाहुण्याने दिलेला सैल निळा कोट आणि हातात संविधान म्हणून निळ्या कागदाचे वेष्टण घातलेला शब्दकोश. आमचे मराठीचे सर तालीम घेत. ‘न’ आणि ‘ण’ यांतील फरक चुकला, तर संपूर्ण परिच्छेद पुन्हा म्हणावा लागे. मागे उभे राहून ते माझे दोन्ही खांदे धरून सरळ करीत आणि सांगत, “हा माणूस कधी वाकून उभा राहिलेला नाही.” डॉ. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपटही त्यांनीच आम्हांला दाखवला. बाबासाहेब साकारणारे ममूटी केरळचे आहेत, हे त्या दिवशी ऐकून आम्ही सर्व चकित झालो होतो.

वर्सोव्याला पोहोचायला अडीच तास लागले. ठाण्यापर्यंत बस, घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो. मेट्रोत मी प्रथमच बसलो. आरामनगरच्या एका जुन्या बंगल्याबाहेर दोनएकशे मुले उभी होती. बोलण्यावरून कोणी नाशिककडचा, कोणी सोलापूरकडचा वाटत होता. दारातील माणसाने नोंदणीचे म्हणून तीनशे रुपये मागितले. जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता. परत जावे असे एकदा वाटले. पण पाचशेची नोट मोडून बसलो होतो आणि इतके दूर आलो होतो. पैसे दिले.

चार वाजता माझा क्रमांक आला. हातात नावाची आणि उंचीची पाटी देऊन समोरून, डावीकडून, उजवीकडून माझे चित्रीकरण झाले. निवड करणारा तरुण माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. त्याने दोन ओळींचा संवाद दिला: पाटलाच्या वाड्यासमोर मजुरी मागणारा मुलगा. मी म्हटला. तो थांबला, हसला आणि म्हणाला, “तुझी भाषा फार शुद्ध आहे रे. तू त्या वस्तीतला वाटत नाहीस.” मी म्हणालो, मी वस्तीतलाच आहे. आडनाव सांगितले. त्यावर, “ते ठीक आहे, पण दिसायला हवं ना. खांदे पाड जरा. नजर खाली.”

मी खांदे पाडले.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षे लागली. राग त्या तरुणाचा फारसा आला नाही. त्याला त्याच्या चित्राशी जुळणारा मुलगा हवा होता. राग आला तो माझे खांदे किती सहज खाली गेले याचा. जणू त्यांना ती जागा आधीपासून ठाऊक होती. पुढे वाटू लागले की हाही विचार एकांगी आहे. वाकता न येणारा माणूस नट कसा होईल? कोटात ताठ उभा राहणारा तेरा वर्षांचा मुलगाही अभिनयच करीत होता. ममूटींना बाबासाहेब होता येते, तर मला तो मजूर मुलगा का होऊ नये? परंतु मला मजूर व्हायला सांगितलेच नव्हते. त्याच्या मनात आमच्या वस्तीचे जे चित्र होते, ते व्हायला सांगितले होते. आमच्या वस्तीत नजर वर करून, मालकाशी पैशापैशाचा हिशेब भांडून घेणाऱ्या बायका होत्या. त्यांतील एक माझी आई. तो संवाद तिच्या पद्धतीने म्हणावा, हे मला तिथे सुचले नाही, याचे मात्र आजही वाईट वाटते.

दुसऱ्यांदा संवाद म्हटल्यावर, “कळवतो,” असे सांगण्यात आले. बाहेर पडताना दारातील माणसाने विचारले, बाजाराच्या दृश्यासाठी गर्दी लागणार आहे, उभा राहशील का? मी फोन क्रमांक लिहून दिला. कोणाचाही फोन आला नाही, आणि तो चित्रपट पुढे निघाल्याचेही कधी ऐकले नाही.

परतताना ठाण्याला शेवटच्या बसच्या आधीची बस मिळाली. अंजूरफाट्याच्या पुढे यंत्रमागांची खडखड सुरू झाली. रात्रपाळी चालू होती. आई जागी होती. ताटात भाकरी आणि सुकटीची चटणी झाकून ठेवलेली होती.

“घेतलं का?”

“नाही.”

“भाषण म्हणून दाखवलंस का?”

“त्यांनी मागितलं नाही.”

तिने दिवा मोठा केला आणि म्हणाली, “मग मला म्हणून दाखव. मला त्या वर्षी सुटी मिळाली नव्हती.”