अक्कलदाढेचे पथ्य

अक्कलदाढ काढविल्यावर काय खावे, हा प्रश्न आम्हांस आगाशीत पडला. उपाहारगृहातील मंचाव सुपावर तळलेल्या कुरकुरीत शेवया असतात, त्या जखमेस टोचतात. टोमॅटोच्या सुपातील मिरपूड झोंबते. म्हणून ‘गाळलेले, कोमट, बिनतिखट’ असे स्पष्ट सांगूनच मागवावे. नळीने मात्र ओढू नये; त्यायोगे खळगीतील रक्ताची गुठळी निसटून हाड उघडे पडते व वेदना असह्य होतात. पहिले 24 तास ऊन पदार्थ वर्ज्यच. आमच्या गावची प्रसिद्ध सुकेळीही चिवट, म्हणून दूर ठेवावी लागली. अखेर तांदळाची पेज व मुगाचे कढण यांनीच भूक भागविली. विद्यार्थ्यांनो, दुखणाइतास काय चालेल हे आधी विचारणे, हीच शुश्रूषेची पहिली पायरी होय.