पुण्यास कॉलेज पाहावयास

मुलीसाठी स्थळे पाहावयास जाण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. परंतु मुलीसाठी कॉलेजे पाहावयास जाण्याचा योग आमच्या घराण्यात यंदा प्रथमच आला. आमच्या पुतण्याची कन्या बारावीच्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली व पुढे संख्याशास्त्र घेऊन पदवीधर व्हावयाचे असा तिने हट्ट धरला. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. ज्या साली आमची मॅट्रिक झाली त्या साली घरात एकाच्याच फीची सोय होती व ती वडील बंधूंच्या वाट्यास आली. आम्ही पाठशाळेत अमर व रूपावली घोकली आणि शाळामास्तर झालो. शेकडो मुले कॉलेजात धाडली, तथापि कॉलेजाच्या पायरीवर पालक म्हणून उभे राहण्याची ही पहिलीच वेळ.

निमित्त झाले ते एका चकचकीत पुस्तिकेचे. पुण्याबाहेर नव्याने निघालेल्या एका संस्थेची ती पुस्तिका पुतण्याने कोठून तरी मिळविली होती. वर्षाची फी तीन लक्ष. राहण्याजेवण्याचा खर्च निराळा. पुतण्याच्या मनात कृष्णाकाठचा मळा गहाण टाकावयाचे होते. सूनबाई एरवी आमच्यासमोर फारशा बोलत नाहीत, पण त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “मळा गेला तर घरची हळद गेली. मग वाईत राहून हळद विकतची आणायची का?” ह्यावर पुतण्या निरुत्तर झाला. शेवटी असे ठरले की आधी डोळ्यांनी पाहावे आणि मग कागदावर सही करावी. मुलगी, तिचे वडील व आम्ही असे तिघे पहाटेच्या एस.टी.ने निघालो.

सुरूर फाटा मागे टाकला, खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो, शिरवळला नीरा ओलांडली. हा रस्ता आमच्या परिचयाचा. परंतु कात्रज जवळ येऊ लागले तशी रस्त्याच्या दुतर्फा जी फलकांची दाटी दिसली, ती मात्र नवीन. पूर्वी येथे दंतमंजनाच्या व साबणाच्या जाहिराती असत. आता प्रत्येक फलकावर एक हसणारी मुलगी, एक हसणारा मुलगा आणि नोकरीच्या पगाराचा आकडा.

पहिला दिवस त्या नव्या संस्थेसाठी राखून ठेविला होता. शहर सोडून पंचवीस किलोमीटरांवर, टेकडी कापून केलेल्या मैदानात काचेची सातमजली इमारत. आत गारवा इतका की आम्ही उपरणे कानांवरून घेतले. गळ्यात पट्टा घातलेल्या एका तरुण गृहस्थाने आमचे स्वागत केले. ते तेथील समुपदेशक. त्यांनी मुलीचे गुण पाहिले व संख्याशास्त्राचे नाव ऐकून किंचित हसून म्हणाले, “त्यापेक्षा आमचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घ्या ना.” येथे वाचकांस सांगितले पाहिजे की २०२४ पासून बीबीए, बीसीए ह्या पदव्यांस तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते व महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेशपरीक्षा घेतली जाते. आमच्या मुलीने ती परीक्षा दिली नव्हती. तसे सांगताच गृहस्थ म्हणाले, “काळजी नको. आम्ही नाव बदलले आहे. आतला अभ्यास तोच.” नाव बदलून वस्तु तीच राहते हे आम्ही न्यायशास्त्रात शिकलो होतो, पण त्याचा असा उपयोग प्रथमच पाहिला.

ग्रंथालय पाहण्याची इच्छा आम्ही दर्शविली. दालन मोठे, खुर्च्या मऊ, संगणक ओळीने मांडलेले. पुस्तकांची कपाटे चार, चारही कुलूपबंद. किल्ली कोणाकडे असते हे सांगणारा मनुष्य रजेवर होता.

परत आल्यावर फीचा कागद पुढे आला. एका रकमेची पावती मिळणार होती. दुसरी रक्कम ‘विकासनिधी’ म्हणून रोख द्यावयाची. तिच्या पावतीचा विषय काढताच चहा आला. देणगीच्या नावाने प्रवेशासाठी अशी जादा रक्कम उकळण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. ते आम्ही बोलून दाखविले, तेव्हा दुसऱ्यांदा चहा आला. पुतण्या मात्र त्या इमारतीने दिपला होता. त्याने जागा अडविण्यापुरते पंचवीस हजार बरोबर आणले होते, आणि आजच्या आज भरल्यास सवलत आहे हे ऐकून त्याचा हात खिशाकडे गेलाही. तेवढ्यात मुलीने विचारले, “सर, संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीशी बोलता येईल का?” शेवटचे वर्षच नव्हते! अभ्यासक्रम गेल्या वर्षी निघालेला. मग भिंतीवर लावलेले नोकऱ्यांचे आकडे कोणाचे? त्यांच्या दुसऱ्या शाखांचे. पुतण्याचा हात खिशाबाहेर आला.

सगळ्याच नव्या संस्था अशा असतात असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. त्याच आवारात एक विद्यार्थी भेटला. प्रयोगशाळा चांगली आहे, यंत्रे नवी आहेत, शिकविणाऱ्यांपैकी दोघे फार मनापासून शिकवितात, असे तो प्रांजळपणे म्हणाला. कर्जाचा विषय काढला तेव्हा मात्र तो दुसरीकडे पाहू लागला.

रात्री सदाशिव पेठेत एका दूरच्या आप्तांकडे मुक्काम केला. दुसरे दिवशी सकाळी टिळक रस्त्यावरील सर परशुरामभाऊ महाविद्यालय पाहिले. शिक्षण प्रसारक मंडळीने हे १९१६ साली न्यू पूना कॉलेज ह्या नावाने काढले. आवारात जुनी झाडे व प्रशस्त मैदान. कार्यालयासमोर लांबच लांब रांग. तेथून स्वारगेटला येऊन भुयारी मेट्रोत बसलो. हा मार्ग २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला. दिवाणी न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलून डेक्कन जिमखान्यास उतरलो. भूमीच्या पोटात शिरून मुठेच्या पुलावर निघावयाचे, हा अनुभव आमच्या वयाच्या माणसास पाताळयात्रेसारखाच वाटतो.

फर्ग्युसन कॉलेजाच्या फाटकातून आत शिरताना आमच्या मनाची जी अवस्था झाली ती पुतण्यास कळली नाही. आम्ही उभा जन्म ज्या कोशाच्या आधाराने संस्कृत शिकविले, तो १८९० चा कोश करणारे वामन शिवराम आपटे ह्या कॉलेजाचे पहिले प्राचार्य. १८९२ साली ते गेले तेव्हा वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. त्यांच्या मागून आगरकर त्या खुर्चीवर आले आणि तेही १८९५ मध्ये गेले. त्याच वर्षी काळ्या दगडाची ही मुख्य इमारत उघडली. त्यापूर्वी कॉलेज पेठेतील वाड्यात भरत असे. आम्ही त्या इमारतीच्या लाकडी जिन्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिलो. मुलगी म्हणाली, “आजोबा, पाय दुखतात का?” आम्ही होय म्हणालो.

‘खाजगी’ ह्या शब्दाची गंमत येथे लक्षात येते. १८८५ साली हे कॉलेज निघाले तेव्हा पुण्यात डेक्कन कॉलेज होतेच. परंतु ते सरकारी. देशी लोकांनी आपल्या हिमतीवर चालविलेले म्हणून हे खाजगी. सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवेची शपथ घ्यावी व महिना पंचाहत्तर रुपयांच्या आसपास वेतनावर समाधान मानावे असा दंडक होता. गोखल्यांनी तो पाळला. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले परांजपे बड्या पगारांकडे पाठ फिरवून येथेच आले व १९०२ मध्ये प्राचार्य झाले. टिळक मात्र मतभेद होऊन १८९० साली बाहेर पडले; खाजगी संस्थेत भांडणे तेव्हाही होतीच. म्हणजे तेव्हा खाजगी याचा अर्थ शिकविणाऱ्याने झीज सोसावयाची. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस मोकळीक मिळाली, आणि तेव्हापासून झीज सोसण्याचे काम हळूहळू पालकांकडे आले.

आता ज्या घरांत पुढल्या वर्षी हा प्रश्न येणार आहे त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जुन्या संस्थांच्या एकाच छपराखाली हल्ली दोन दारे असतात. अनुदानित तुकडीतील प्राध्यापकांचा पगार सरकार देते, म्हणून फी थोडी. तिन्ही वर्षांची मिळूनही त्या काचेच्या इमारतीच्या एका वर्षाच्या फीपेक्षा पुष्कळच कमी. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा सर्व खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. फर्ग्युसनच्याच आवारात २०२३ पासून त्याच सोसायटीचे खाजगी विद्यापीठही आहे. तेव्हा अर्जाच्या माथ्यावर कोणाचे नाव आहे, पदवी कोण देणार, तुकडी कोणती, हे चष्मा लावून वाचावे. मूल्यांकन परिषदेची श्रेणीही पाहावी; परंतु तेवढ्यावर विसंबू नये. २०२५ च्या आरंभी त्या परिषदेच्या एका पाहणी-समितीतील मंडळींनाच लाचेच्या आरोपावरून अटक झाली होती. नव्या धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते अथवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळविता येते. चौथ्या वर्षाची सोय त्या विषयात आहे की नाही हेही आधीच विचारलेले बरे.

त्या रात्री आप्तांच्या माडीवर राहणारे एक तरुण प्राध्यापक खाली गप्पांस आले. पीएच. डी. झालेले, नेटही उत्तीर्ण. कोणत्या कॉलेजात असता असे विचारता ते म्हणाले, “सकाळी एका, दुपारी दुसऱ्या.” ते तासिका तत्त्वावर शिकवितात, म्हणजे जितके तास तितके पैसे. सुटीत तास नाहीत म्हणून सुटीत पैसेही नाहीत. अनुदानित कॉलेजांतल्या मंजूर जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि तो गाडा असा रेटला जातो. आम्ही दुपारभर गोखले-परांजप्यांच्या त्यागाचे पाठ मुलीस ऐकविले होते. ती आमच्याकडे पाहत होती. ह्या तरुणाने कोणतीही शपथ घेतलेली नव्हती, आणि त्याच्या त्यागाची पाटीही कोणत्याच भिंतीवर लागणार नव्हती. आम्हांस पुढचा घास गोड लागला नाही.

मुलीने मात्र त्यांच्याकडून उपयोगाचे तेवढे काढून घेतले. विभागात कायम शिक्षक किती, प्रात्यक्षिके खरोखर होतात का, गेल्या वर्षीचे विद्यार्थी पुढे एम्. एस्सी.स कोठे गेले, ह्याची एक यादीच तिने वहीत केली. सकाळी दोन्ही कॉलेजांत जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठले व उत्तरे लिहून आणली. ती उत्तरे आमच्या कल्पनेइतकी उजळ नव्हती आणि पुतण्याच्या भीतीइतकी काळीही नव्हती. दोन्ही ठिकाणी अनुदानित तुकडीसाठी अर्ज भरले. आणि जागा न मिळाल्यास वाईतच राहून शिकेन, असे तिने बापास सांगितले. बाप काही बोलला नाही. पंचवीस हजारांचे पाकीट त्याने बसमध्ये पुन्हा एकदा चाचपून पाहिले.

पहिल्या यादीत नाव आले नाही. ते आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पुतण्याने ती चकचकीत पुस्तिका पुन्हा बाहेर काढलेली आम्ही पाहिली. दुसऱ्या यादीत एका ठिकाणी नाव लागले. वसतिगृहात जागा मिळाली नाही. फीपेक्षा खोलीचे भाडेच जड होणार असे दिसताच आम्ही सदाशिव पेठेतील त्या आप्तांस विचारले. त्यांच्या घरी नऊ माणसे आहेत. दहावीस जागा होईल म्हणाले. पुतण्याने भाड्याची गोष्ट काढली तेव्हा त्यांच्या वहिनी रागावल्या. मग थोड्या वेळाने त्यांनीच आतून विचारले, “मळा तुम्ही ठेवलात ना? मग वर्षाची हळद पाठवा.”