लोणी देवकरची मच्छी

विलायतेत 'पब' नावाची एक संस्था आहे. मूळ नाव 'पब्लिक हाउस', म्हणजे चारचौघांचे घर. दिवसभराची चाकरी उरकून माणसे तिथे जमतात, पुढ्यात पेला ठेवतात आणि जगाचा कारभार तोंडी चालवतात. आमच्या लोणी देवकरला असे घर कुठे, असे कोणी पुसले, तर मी त्याला पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या मच्छीच्या ढाब्यावर नेईन. भिगवणच्या पुढे, इंदापूरच्या अलीकडे हे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत झाल्यापासून आमच्यासारखी पोटार्थी मंडळी इथे चारी दिशांनी गोळा झाली आहेत.

गेल्या माघात आम्ही सात जणांनी वर्गणी काढून असाच बेत केला. निमित्त होते आमच्या फिटर तात्यांच्या निवृत्तीचे. उजेड होता म्हणून आधी पळसदेवच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर गेलो. भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पुरे झाले. पोटात 117 टीएमसी पाणी मावते म्हणे! लांब, उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी ओळ उभी होती. हुजूरहुकमाची वाट पाहणाऱ्या पलटणीसारखी.

दिवेलागणीला ढाब्यावर आलो. कारखान्यात साहेबांचे टेबल वेगळे असते. बाजेवर मात्र हुद्दा टिकत नाही. मॅनेजरसाहेब तात्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. तव्यावरची चिलापी, लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू! पेल्यात काय होते, असे वाचक भगिनी विचारतील, म्हणून आधीच सांगून टाकतो: लिंबू-सोडा. तरी गप्पांना चढायची ती चढलीच. हिशेबनीसांनी साहेबांच्या चालण्याची नक्कल केली आणि सर्वांत मोठ्याने हसले ते साहेबच!

तिसऱ्या तुकड्यावर लिंबू पिळत आमचे तरुण इंजिनियर म्हणाले, "धरण झालं म्हणून बरं. नाहीतर ही मच्छी कुठली मिळायला?"

तात्या मिस्कीलपणे म्हणाले, "खरं हाय, साहेब. आमच्याच अंगणात वाढलीय ती."

कोणाला काही उमगेना. तेव्हा तात्यांनी ताटातल्या भाकरीचे तुकडे केले आणि बाजेवरच्या फळीवर गाव मांडले. मिठाची वाटी म्हणजे पळसनाथाचे जुने मंदिर. ही नदी. ही आळी. आणि हा कांद्याचा काप म्हणजे त्यांचे घर. पाणी आले तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. जुने पळसदेव पाण्याखाली गेले, नवे रस्त्याकडेला वसले. वडिलांनी घराची दारे-चौकटी बैलगाडीतून आणल्या. जोते तेवढे मागे राहिले.

"तात्या, इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?" साहेबांनी विचारले.

"कामावर घरचं कोण काढतंय, साहेब?"

आम्ही त्यांच्या हातचे यंत्र ओळखत होतो, गाव ओळखत नव्हतो. मग मात्र प्रश्नांचा पाऊस पडला. शाळा कुठे होती? पोहायला कुठे जात? तात्या एकेक तुकडा सरकवत सांगत होते. रस्सा निवून गेला, तरी त्याची कोणाला शुद्ध नव्हती.

पाणी फार खाली गेले म्हणजे ते मंदिर अजून वर येते. 2024 च्या उन्हाळ्यात ते उघडे पडले, तेव्हा बघ्यांची रीघ लागली होती. तात्यांनीही नातवंडांना नेऊन आपले जोते दाखवले होते.

इंजिनियर उत्साहाने म्हणाले, "मग यंदा वैशाखात पाणी उतरलं की आपण सगळेच जाऊ!"

तात्यांनी कांद्याचा काप उचलून तोंडात टाकला.

"या की. मी दावतो. पण पाणी उतरावं असं मात्र म्हणू नका, साहेब. खाली सोलापूरकडं लोकांची पिकं वाळत्यात."